पोट, सांधे आणि झाडपाल्याची औषधे

पोट फुगले की चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावून खावा, तोंडाला चव नसेल तर आल्याचा तुकडा लिंबाच्या रसात भिजवून घ्यावा, गुडघा धरला तर निर्गुंडीचा पाला गरम करून बांधावा, हे भारतातील वडीलधाऱ्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. प्रांत बदलला की वनस्पतीचे नाव बदलते, क्वचित वनस्पतीही बदलते. परंतु पोटाचे व सांध्यांचे दुखणे घरच्या घरी शमविण्याची रीत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आढळते. त्याचे कारण उघड आहे. हे दोन्ही विकार अतिशय सामान्य आहेत, ते सहसा एकाएकी जिवावर बेतत नाहीत आणि ते पुनःपुन्हा येतात. असल्या दुखण्यासाठी दर वेळी कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

ह्या औषधांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. झाडपाल्याने गुण आला नाही तरी अपाय खचित होत नाही, असे एक पक्ष म्हणतो. हे सारे अडाणीपणाचे अवशेष होत, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांनी वनस्पतीकडे नीट पाहिलेले नसते. वनस्पतीला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे ह्यांपासून बचाव करण्यासाठी ती आपल्या शरीरात नाना प्रकारची रासायनिक संयुगे तयार करते, आणि त्यांपैकी पुष्कळशी माणसाच्या शरीरावरही परिणाम करतात. तो परिणाम हितकर की घातक हे संयुगावर, त्याच्या मात्रेवर आणि घेणाऱ्या माणसावर अवलंबून असते. ते संयुग पानातून आले की कारखान्यातून, ह्यावर नव्हे.

मराठीत ‘सुंठीवाचून खोकला गेला’ अशी एक म्हण आहे. औषध न घेताच पीडा टळली, असा तिचा अर्थ. ह्या म्हणीत वैद्यकशास्त्राला फार उशिरा उमगलेले एक सत्य दडलेले आहे. अजीर्ण दोन-तीन दिवसांत बहुधा आपोआप ओसरते. गुडघ्याची कळ काही आठवडे वाढते, काही आठवडे उतरते. माणूस औषध घेतो ते दुखणे ऐन भरात असताना, आणि भर ओसरला की श्रेय औषधाला मिळते. सुंठ घेऊन खोकला गेला, तो सुंठीवाचून गेला असता की नाही, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरविता येत नाही. त्यासाठी पुष्कळ रोग्यांचे दोन गट करावे लागतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषधी द्रव्य नसलेली गोळी द्यावी लागते. आणि कोणाला काय दिले हे रोग्याला व तपासणाऱ्यालाही शेवटपर्यंत कळू द्यावयाचे नसते. ह्या कसोटीला उतरलेली घरगुती औषधे थोडी आहेत. पण जी आहेत, ती जाणून घेण्याजोगी आहेत.

भारतीय वनस्पतींची अशी पद्धतशीर तपासणी सुरू करणाऱ्यांत रामनाथ चोप्रा ह्यांचे नाव अग्रभागी येते. कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’ ह्या संस्थेत त्यांनी देशी औषधांची रासायनिक व शारीरक्रियात्मक परीक्षा आरंभिली, आणि १९३३ साली देशी औषधींवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. जुन्या वैद्यांवर त्यांचा राग नव्हता आणि भक्तीही नव्हती. ‘आहे असे म्हणतात’ आणि ‘आहे’ ह्यांतील अंतर मोजणे एवढेच त्यांनी आपले काम मानले.

पोटाचे विकार

ओव्याचा तिखट वास थायमॉल ह्या द्रव्याचा असतो. थायमॉल जंतुनाशक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आतड्यांतील अंकुशकृमी पाडण्यासाठी ते सर्रास देत असत. पुदिन्यातील मेंथॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियमचा शिरकाव रोखते, त्यामुळे वळलेले स्नायू सैल पडतात आणि मुरडा थांबतो. वारंवार पोटात कळा येऊन शौचाची घडी बिघडणाऱ्या, पण आतड्यात कोणतीही जखम नसलेल्या विकारात पुदिन्याच्या एका जातीचे तेल आतड्यातच विरघळणाऱ्या आवरणात भरून देतात, आणि त्याचा उपयोग तुलनात्मक प्रयोगांत दिसून आला आहे. मात्र तेच मेंथॉल अन्ननलिका व जठर ह्यांच्यामधील झडपेचा स्नायूही सैल करते. म्हणून ज्याला छातीत जळजळण्याचा त्रास आहे, त्याने पुदिना घेतला तर जळजळ वाढते. स्नायूला आपण आतड्यातला की झडपेतला हे औषध विचारीत बसत नाही! आले मळमळीवर चालते, विशेषतः गर्भारपणातील मळमळीवर. ते वाळवून सुंठ केली की त्यातील जिंजेरॉलचे रूपांतर शोगॉल ह्या अधिक तिखट द्रव्यात होऊ लागते. सुंठ आल्याहून झोंबते ती त्यामुळे.

परंतु पोटाच्या औषधांत ज्याच्याविषयी सर्वांत खात्रीने बोलता येते ते औषध तिखट नाही, कडू नाही, किंबहुना त्याला चवच नाही. ते म्हणजे इसबगोल. फारसी भाषेत ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘घोल’ म्हणजे कान. होडीच्या आकाराचे इवलेसे बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. हे पीक उत्तर गुजरातेत, राजस्थानच्या जालोर, बाडमेर ह्या कोरड्या जिल्ह्यांत आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांत होते. मेहसाणा जिल्ह्यातील ऊंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. जगातील इसबगोलाचा सर्वांत मोठा उत्पादक व निर्यातदार देश भारत आहे, आणि अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत ज्या चूर्णाचे डबे मांडलेले असतात त्याचा कच्चा माल बहुतांशी ह्याच वाळवंटाच्या कडेवरून जातो.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि कापणी मार्च-एप्रिलच्या सुमारास. त्या वेळी शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात, पण इतर शेतकऱ्यांच्या उलट हेतूने. पाऊस येऊ नये म्हणून! पिकलेल्या कणसावर अवकाळी सर आली की बी गळते, टरफल पाणी शोषून फुगते, आणि चार महिन्यांचे कष्ट एका संध्याकाळी चिकट लगदा होऊन जमिनीला मिळतात. ज्या गुणामुळे हे बी औषध ठरते, तोच गुण त्याच्या शेतकऱ्याला बुडवितो.

तो गुण टरफलात आहे. बियांच्या वजनापैकी सुमारे चौथा हिस्सा टरफलाचा असतो. चक्कीत बी भरडून आणि पाखडून ते वेगळे काढतात व त्याला बाजारात भुशी म्हणतात. भुशीतील लांबच लांब शर्करासाखळ्या आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतात आणि त्याचा बुळबुळीत गर बनतो. फळांतील व धान्यांतील इतर पुष्कळसे तंतू मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवून टाकतात व त्यापासून वायू होतो. इसबगोलाचा गर मात्र फारसा आंबत नाही, तो जवळजवळ जसाच्या तसा शेवटपर्यंत पोहोचतो. मलावरोध झालेल्या माणसाच्या आतड्यात मळ कोरडा व कठीण झालेला असतो. गर त्यात पाणी टिकवितो, मळ मऊ व मोठा होतो आणि आतड्याच्या भिंतीला ताण मिळून ते पुढे सरकवते. उलट जुलाब होत असतील तर तोच गर मोकळे पाणी स्वतःत धरून मळाला बांधणी आणतो. एकच औषध मलावरोधावरही आणि जुलाबावरही चालते असे कोणी सांगितले तर तो भोंदू असावा असे सुज्ञ माणसाला वाटावे. येथे मात्र ते खरे आहे, आणि त्यात जादू नाही, केवळ पाण्याचा हिशेब आहे.

आणखी एक लाभ पुढे आढळून आला. हा गर पित्तातील आम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. ती आम्ले पुन्हा बनविण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते, आणि रक्तातील त्याचे प्रमाण थोडे उतरते. ही गोष्ट एवढी पक्की ठरली की १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इसबगोलयुक्त खाद्यांच्या वेष्टनावर हृद्रोगासंबंधीचा लाभ नमूद करण्यास परवानगी दिली.

इतके निरुपद्रवी दिसणारे हे टरफलही बेपर्वाईने घेतल्यास घात करू शकते. एक किंवा दोन चमचे भुशी निदान पेलाभर पाण्यात कालवून, फुगण्यापूर्वीच प्यावयाची आणि वर आणखी पाणी घ्यावयाचे, हा नियम आहे. कोरडी भुशी तोंडात टाकून घोटभर पाण्याने गिळली तर ती अन्ननलिकेतच फुगून बोळा बसतो. गिळावयास त्रास होणाऱ्या वृद्धांना ती देऊच नये. इतर औषधे घेत असल्यास ती आणि भुशी ह्यांत दोन तासांचे अंतर असावे, नाही तर गरात अडकलेले औषध रक्तात पोहोचत नाही.

सोनामुखीची गोष्ट वेगळी. मूळची अरबस्तानाकडची ही वनस्पती तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या परिसरात लावतात, आणि त्या गावाच्या इंग्रजी रूपावरून जगभर ती ओळखली जाते. तिच्या पानांतील द्रव्य जठरात व लहान आतड्यात निष्क्रिय राहते. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा त्यातून सुटलेले संयुग आतड्याला डिवचते. रात्री घेतलेल्या सोनामुखीचा परिणाम पहाटे दिसतो तो ह्या प्रवासामुळे. आठवड्यातून एखादे वेळी ती उत्तम आहे. रोजची सवय लागली की शरीरातील पोटॅशियम वाहून जाऊ लागते, अशक्तपणा येतो, आणि मग अशक्तपणावर दुसरे चूर्ण सुरू होते. ‘पोट साफ करणारी’ म्हणून विकली जाणारी पुष्कळशी चूर्णे सोनामुखीवरच चालतात. डब्यावरील बारीक अक्षरे वाचणाऱ्याला हे कळते.

अतिसाराच्या बाबतीत मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. पांढऱ्या कुड्याची साल आवेवर प्राचीन काळापासून देतात. तिच्यातील कोनेसीन ह्या अल्कलॉइडाची आमांश उत्पन्न करणाऱ्या अमीबांवर परीक्षा झाली. ते परिणामकारक दिसले, पण मज्जासंस्थेला बाधक ठरल्याने मागे पडले. बाजारात पांढऱ्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली असते, ही अडचण वेगळीच. परंतु जुलाबाने बालक दगावते ते बहुधा जंतूमुळे नव्हे, तर पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. हे पाणी भरून काढण्याचा उपाय कुड्याच्या सालीत नाही, बेलफळातही नाही. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ भडकली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांतून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांकरवी ते पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या खाली आले. आतड्याच्या भिंतीतून साखर आत जाते तेव्हा ती मिठाला बरोबर घेऊन जाते आणि मिठामागून पाणी जाते, हे शरीरशास्त्रातील तत्त्व त्या पिंपांत उतरले होते. घरी हेच पेय करावयाचे तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. अधिक मीठ घातल्यास ते अपायकारक होते. घरगुती औषधांच्या यादीत हे सहसा कोणी लिहीत नाही, कारण त्यात झाडपाला नाही. (साखर उसातून येते, एवढे म्हणता येईल.)

शौचावाटे रक्त जाणे, मळ डांबरासारखा काळा होणे, कारणाशिवाय वजन उतरणे, वांती थांबत नसणे, अथवा चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे, ही लक्षणे कोणत्याही चूर्णाने झाकावयाची नसतात. तेथे ओव्याने वाटणारा आराम हाच धोका होय, कारण त्या आरामात महिने निघून जातात.

सांध्यांचे विकार

सांधे दुखणे हा एक रोग नव्हे. वयोमानाने सांध्यातील कूर्चा झिजून गुडघा दुखतो तो एक प्रकार. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते, बोटांचे सांधे सकाळी आखडतात व कालांतराने वाकडे होतात, तो दुसरा. रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात आणि बहुधा पायाच्या अंगठ्यातून मध्यरात्री असह्य कळ उठते, तो तिसरा. त्याला वैद्यकात वातरक्त म्हणतात. लोक तिन्हींना ‘वात’ म्हणतात आणि एकच तेल चोळतात. दुसऱ्या प्रकारात योग्य औषध पहिल्या काही महिन्यांत सुरू झाले तर सांधे वाचतात. ते महिने लेपांत गेले की गेलेला सांधा परत येत नाही. आणि एखादा सांधा एकाएकी लाल होऊन सुजला व ताप चढला, तर सांध्यात पू होत असल्याची शक्यता असते. तेथे तासांचा प्रश्न असतो.

ह्या दुखण्यांवरील आधुनिक औषधांची जन्मकथा झाडाच्या सालीपासूनच सुरू होते. १७६३ साली एडवर्ड स्टोन ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने वाळुंजाच्या एका जातीच्या सालीचे चूर्ण हिवतापाच्या सुमारे पन्नास रोग्यांना दिल्याचे रॉयल सोसायटीला कळविले. १८२८ मध्ये म्युनिकच्या बुखनरने त्या सालीतून सॅलिसीन काढले. १८७६ मध्ये डंडीच्या मॅक्लॅगनने ते सांध्यांच्या तापात गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याचा तर्क असा होता की, हा रोग दमट जागी होतो आणि वाळुंजही दमट जागी वाढते, तेव्हा रोगाजवळच निसर्गाने औषध ठेवले असणार. तर्क साफ चुकीचा, औषध बिनचूक! पुढे १८९९ साली ॲस्पिरिन बाजारात आले. आणि ते नेमके काय करते हे जॉन व्हेन ह्यांनी १९७१ साली दाखविले. सूज व वेदना उत्पन्न करणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये शरीरात बनण्याचेच ते थांबविते. ह्या शोधाबद्दल व्हेन ह्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दुर्दैवाने तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. सांध्यासाठी घेतलेली गोळी पोटात व्रण करते ती त्यामुळे, आणि ज्या घरात गुडघेदुखीचा रोगी आहे त्या घरात बहुधा पोटाचे चूर्णही असते.

ह्याच कुळीचे द्रव्य निलगिरीत व खासी टेकड्यांत वाढणाऱ्या एका झुडुपाच्या तेलात असते. गंधपुरा ह्या नावाने ते चोळावयाच्या तेलांत घालतात. बाहेरून लावल्यास ते उब देते. परंतु निर्भेळ तेलाच्या एका चहाच्या चमच्यात वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतके द्रव्य असते. गोड वासाची ती बाटली लहान मुलाच्या हाती लागता कामा नये.

वनस्पतीतील औषध आणि विष ह्यांमधील अंतर किती अरुंद असू शकते हे पाहावयाचे तर सुरंजानाकडे वळावे. बर्फ वितळू लागताच काश्मीरच्या उतारांवर एक पिवळे फूल जमिनीतून वर येते. त्याचा कंद म्हणजे युनानी हकीमांचे कडू सुरंजान. त्याच्या युरोपीय भाऊबंदाचा वातरक्तावरील उपयोग सहाव्या शतकात ट्रॅलेसच्या अलेक्झांडर ह्या बायझंटाइन वैद्याने नोंदवून ठेवला आहे. १८२० साली पेल्तिए व काव्हांतू ह्या फ्रेंच जोडीने त्यातील अल्कलॉइड वेगळे काढले. त्याच वर्षी त्यांनी क्विनीनही शोधले. हे अल्कलॉइड म्हणजे कोल्चिसीन. पेशीच्या आत सूक्ष्म नळ्यांचा जो सांगाडा असतो तो ते उभा राहू देत नाही. स्फटिकांवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्यामुळे मंदावते आणि सांध्यातील आग शमते. पण पेशीविभाजनालाही तोच सांगाडा लागतो. म्हणून मात्रा वाढली की जेथे पेशी भराभर विभागतात ते भाग, म्हणजे आतड्याचे अस्तर व अस्थिमज्जा, कोसळू लागतात. पहिल्या दिवशी वांती व जुलाब, दोन-तीन दिवसांनी मज्जेतील रक्तोत्पत्ती बंद, आणि जो वाचतो त्याचे केस काही दिवसांनी गळतात. ह्यावर प्रचारात असलेला उतारा नाही. पूर्वी जुलाब सुरू होईपर्यंत रोग्याला तासातासाने मात्रा देत जाण्याचा प्रघात होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात तासाभरात दिलेले १.८ मिलिग्रॅम आणि सहा तासांत दिलेले ४.८ मिलिग्रॅम ह्यांचा गुण सारखाच दिसला; अपाय मात्र पहिल्यात फार कमी. जुन्या प्रघाताने किती रोग्यांची आतडी विनाकारण सोलली असतील, ह्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

हेच कोल्चिसीन महाराष्ट्राच्या रानांतही आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी ती हीच. तिला खड्यानाग, अग्निशिखा असेही म्हणतात. बाळंतपणाच्या कळा लावण्यासाठी तिचा कंद वापरीत, त्यावरून पहिले नाव पडले. तमिळनाडूने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे, आणि तेथील कोरड्या जिल्ह्यांत शेतकरी तिची शेती करतात. वेल तारांवर चढवितात, फुलांचे परागण बहुधा हातांनी करतात आणि बी औषध-कारखान्यांना विकतात. शेतातून आलेले बी कारखान्यात शुद्ध होऊन अर्ध्या मिलिग्रॅमच्या मोजलेल्या गोळीत येते तोवर ते औषध. रानातील कंद रताळे समजून खाल्ल्याने भारतात व श्रीलंकेत माणसे मेलेली आहेत. कंदात अल्कलॉइड किती हे जमीन, ऋतू आणि कंदाचे वय ह्यांप्रमाणे बदलते. उगाळून घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही. ज्या वनस्पतीची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजावी लागते, तिची चिमूट धरू नये.

झिजलेल्या गुडघ्याच्या दुखण्यावर मात्र एका भारतीय वृक्षाने आशा दाखविली आहे. सातपुड्याच्या व मेळघाटच्या खडकाळ उतारांवर, मध्य प्रदेशात व राजस्थानात सालईची झाडे पुष्कळ आहेत. साल कागदासारखी सोलून निघते आणि खोडातून सुवासिक राळ पाझरते. नेपानगरच्या वृत्तपत्री कागदाच्या कारखान्यानेही तिचे लाकूड वापरले. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत तिच्या राळेतील बोस्वेलिक आम्लांवर काम झाले. शरीरात सूज आणणाऱ्या दुसऱ्या एका रासायनिक मार्गावर, ॲस्पिरिन ज्याला हात लावीत नाही अशा मार्गावर, ती काम करतात असे पुढे दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय संशोधकांनी गुडघ्याच्या ३० रोग्यांवर केलेला आंधळा तुलनात्मक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. दुखणे व सूज कमी झाली, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र फरक पडला नाही. म्हणजे आराम मिळाला, झिजलेली कूर्चा भरून आली नाही. २०१४ साली अशा प्रयोगांचा जो आंतरराष्ट्रीय आढावा निघाला त्यात, वेदना शंभर अंशांवर मोजली असता, सालईचा शुद्धीकृत अर्क घेणाऱ्यांची वेदना नुसती गोळी घेणाऱ्यांहून सुमारे १७ अंशांनी कमी भरली. रोगी थोडे होते, हे लक्षात ठेवूनही ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

हळदीचा डंका ह्याहून मोठा आहे. जखमेवरील तिच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ साली दिलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले, त्यामुळे तिला राष्ट्रीय अभिमानही लाभला. पण तिच्यातील कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे जाते. बंगलोरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले की मिऱ्यातील पायपरीन बरोबर दिल्यास हे शोषण वीसपट वाढते. व्यापाऱ्यांनी लगेच मिरेमिश्रित हळदीच्या गोळ्या काढल्या; आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याचे रोगीही नोंदविले जाऊ लागले. आमटीतील हळद आणि गोळीतील हळद ह्या एक नव्हेत.

गुडघेदुखीच्या पुड्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका दिवसात गुण देणाऱ्या निनावी ‘आयुर्वेदिक’ पुड्यांत कोर्टिकोस्टेरॉइड वर्गाची औषधे मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. आराम खरा असतो. मधुमेह, ठिसूळ हाडे आणि सुजलेला चेहरा मागाहून येतो. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियातील ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला. औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक व उत्पादकाचा पत्ता नसेल तर ते विकत घेण्याचे कारण उरत नाही.

गुग्गुळ

आता गुग्गुळाची हकीकत. कच्छ, सौराष्ट्र, पश्चिम राजस्थान आणि पलीकडे सिंध ह्या रुक्ष प्रदेशात हे काटेरी, वेडेवाकडे झुडूप वाढते. सांधेदुखीवरील आयुर्वेदाच्या अर्ध्याअधिक गुटिका त्याच्या राळेवाचून होत नाहीत. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती ह्यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा धरून गुग्गुळाचा रक्तातील स्निग्ध पदार्थांवरील परिणाम प्राण्यांवर तपासला. जुन्या ग्रंथातील वाक्यावरून आधुनिक प्रयोग कसा उभारावा ह्याचे ते उत्तम उदाहरण ठरले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ते काम पुढे नेले आणि भारतात त्यावरून कोलेस्टेरॉलवरचे औषधही निघाले. २००३ साली मात्र अमेरिकेत १०३ माणसांवर झालेल्या प्रयोगात आठ आठवड्यांनंतर अपायकारक कोलेस्टेरॉल उतरले नाही, उलट किंचित चढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. सांध्यांवरील त्याच्या गुणाचे प्रयोग लहान व थोडे आहेत. प्रश्न अजून सुटलेला नाही.

तो सुटेपर्यंत झुडूप उरेल की नाही, ही चिंता वेगळी. राळ काढण्यासाठी हिवाळ्यात खोडाला चीर देतात. झुडूप आठ-दहा वर्षांचे झाले की वरवरच्या बारीक चिरेतून थोडी थोडी राळ पाझरते, आणि ते जगते. पण राळ गोळा करणारा मजूर भूमिहीन, झुडूप कोणाच्याच मालकीचे नाही, आणि आज त्याने सोडले तर उद्या दुसरा येणार. म्हणून चीर खोल जाते आणि तिच्यात मोरचूद, डिंक व जनावराचे मूत्र ह्यांचा लेप भरतात. राळ भराभर वाहते आणि झुडूप वाळून जाते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंधारण संघाने गुग्गुळाची नोंद ‘अत्यंत संकटग्रस्त’ ह्या वर्गात केली. नामशेष होण्याच्या अलीकडची ती शेवटची पायरी आहे.

गुग्गुळाची फांदी पावसाळ्याच्या तोंडी जमिनीत खोचली तर रुजते. ह्या वर्षी खोचलेल्या फांदीला चीर देता येईल ती आठ-दहा वर्षांनी, आणि तीही वरवरची.